डिझायरला १५ इंची अलॉय अन् नवे टायर: मूर्तिजापूरच्या दुकानाचा अनुभव

ज्यांच्या घरी साधी फॅमिली सेडान आहे अन् वऱ्हाडातल्या रस्त्यांवरून रोजची ये-जा आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो. गाडी डिझायर, २०१९ ची व्हीएक्सआय, म्हणजे कंपनीकडून लोखंडी डिस्क अन् वरून प्लास्टिकची कॅप. टायर १६५/८० आर १४. मागचे दोन्ही गोटे (झिजून गुळगुळीत) झाले होते अन् पुढच्या एकाला साइडनं फुगा आला होता, म्हणजे तीन गेलेच होते, म्हणून चारही बदलायचं ठरवलं, मग म्हटलं सोयाबीनचे पैसे हातात आहेत तोवर अलॉयपण, म्हणजे लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमा, टाकून घेऊ. काम केलं मूर्तिजापूरला, अकोल्याहून येताना हायवेला लागून टायरचं दुकान आहे तिथं. दुकान एक नंबर आहे. का ते सविस्तर सांगतो, कारण टायरच्या दुकानात आपला पैसा कुठं जातो हे आपल्याकडं कोणी नीट समजावून देत नाही.

पुतण्याच्या डोक्यात १७ इंची अलॉय बसले होते. मोबाइलवर फोटो काढून ठेवलेले, काळ्या रंगाचे, पातळ टायरवाले. दिसायला भारीच होते, खोटं कशाला बोलू. दुकानदारानं फोटो पाहिला अन् पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, गाव कोणतं तुमचं?" सांगितलं, दर्यापूर तालुक्यात, डांबरी रोड सोडून आत. तर म्हणे, "मंग सतरा नका घेऊ. विकाले मले काय, पण पावसाळ्यात वाकलेली रिम घेऊन तुम्ही इथंच येसान." ज्याच्याकडं १७ इंची सेट भिंतीवर टांगलेला आहे तो माणूस स्वतःहून नको म्हणतो, तिथंच माझा भरवसा बसला.

मग त्यानं टायरच्या पुठ्ठ्यावर पेनानं हिशोब मांडला, तो इथं देतो, सगळ्यांच्या कामाचा आहे. टायरवर १६५/८० लिहिलं असते त्यात १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये अन् ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के टायरच्या भिंतीची उंची, अन् आरच्या पुढचा १४ म्हणजे रिमचे इंच. म्हणजे माझ्या जुन्या टायरला रिमच्या वर १३२ मिमी रबर होतं. १८५/६५ आर १५ घेतला तर ते १२० होते. अन् पुतण्याचा २०५/४५ आर १७ घेतला तर सरळ ९२ वर येते. खड्डा आला की मार आधी हे रबर झेलते, रबर संपलं की रिम झेलते. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला मात्र चीरही जाऊ शकते अन् चीर गेलेला अलॉय वेल्डिंग करून वापरायचा नसतो, तो म्हणे मी वेल्डिंगवाला अलॉय दुकानात चढवतच नाही, घरच्या लोकांना बसवायची गाडी आहे ती. सेकंडहँड सेट स्वस्तात भेटते म्हणून कोणी घेत असाल तर रिम उलटी करून मागची बाजू पहा, पुढून नवा रंग मारलेला असते पण मागून वेल्डिंगचा टाका लपत नाही.

१५ इंच घ्यायचं दुसरं कारण म्हणजे माझ्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला, झेडएक्सआयला, कंपनी स्वतः १८५/६५ आर १५ देते. चाकाची पूर्ण उंची काढली तर जुनी साधारण ६२० मिमी अन् नवी ६२१-६२२, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये काही फरक नाही, एबीएसला त्रास नाही, वळवताना आत घासत नाही. अन् कायद्याच्या बाजूनं पण बरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलाबद्दलच आहे, उद्या काही कमीजास्त झालं अन् इन्शुरन्सवाल्यानं टायरकडं बोट दाखवलं तर कंपनीचाच साइज आहे म्हणून सांगता येते. लोड इंडेक्सपण वाढला, जुना ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, नवा ८८ म्हणजे ५६० किलो. आमच्या गाडीत पाच माणसं अन् डिक्कीत तुरीचे कट्टे असतात, त्यामुळे हा आकडा मी मुद्दाम पाहिला. त्याच्यापुढचं अक्षर स्पीडचं, टी म्हणजे १९० पर्यंत, एच म्हणजे २१०. समृद्धीवर लिमिट १२० आहे, टीवाला पण पुरेसा आहे.

अलॉय निवडताना डिझाइनवर सगळे वेळ घालवतात पण खरं काम तीन मापांचं आहे. पहिलं पीसीडी, म्हणजे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, डिझायरचं चार नट अन् १०० मिमी. दुसरं रिमचं मधलं भोक, ते हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक चढते त्यावर, नेमकं बसायला पायजे, डिझायरचा हब ५४.१ मिमीचा. आता होंडाच्या अमेझला पण पीसीडी हाच आहे पण हब ५६.१ चा, म्हणजे नट बसले म्हणून रिम बसली असं होत नाही. बाहेरचे अलॉय पुष्कळ गाड्यांना चालावे म्हणून मधलं भोक मोठंच ठेवतात, अन् मग रिम अन् हबच्या मधे जी फट राहते तिथं रिंग घालावी लागते, स्पिगॉट रिंग म्हणतात तिला. कितीतरी दुकानात ती घालतच नाहीत, गाडी ८०-९० ला गेली की स्टेअरिंग थरथरते अन् गिऱ्हाईक बॅलन्सिंगला (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायला) पैसे देत फिरते. यानं व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून हब मोजला, रिम मोजली, चारही रिंगा काढून समोर ठेवल्या अन् मला हातानं बसवून पाहायला लावलं. तिसरं माप ऑफसेट, म्हणजे रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मधापासून किती सरकलेली आहे ते, रिमवर ईटी लिहून आकडा असतो, तो कंपनीच्या आकड्यापेक्षा फार कमी असला की चाक मडगार्डच्या बाहेर येते. काही पोरांना तेच आवडते, पण बेअरिंगवर ताण येते अन् सगळा गारा (चिखल) दरवाज्यावर उडते.

डिझाइन मी पाच जाड दांड्यांचं साधं घेतलं, सिल्व्हर. बारीक जाळीचं घेऊ नका, आपली काळी माती जाळीत वाळून बसली की ब्रशनं पण निघत नाही.

टायरमध्ये एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा सगळे होते. मी अपोलोचे घेतले. कारण एकच, त्या साइजमध्ये त्याचा माल सगळ्यात ताजा होता. टायरच्या भिंतीवर DOT (डॉट) अशी अक्षरं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा अन् शेवटचे दोन वर्ष. माझ्या टायरवर ३१२५ आहे, म्हणजे २०२५ च्या ३१ व्या आठवड्यातला माल. चारही टायरवर हा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचा, बऱ्याचदा एका बाजूनंच पूर्ण आकडे असतात, टायर फिरवून पाहावं लागते. रबर नुसतं पडून पण कडक होते, अन् आपल्याकडं उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जाते तिथं गोदामात तापलेला जुना टायर डिस्काउंटवर घेण्यात काही मतलब नाही. आयएसआयचा शिक्कापण पहा. अन् २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, बिलावर तो १८ च लागलाय का ते तपासा. ट्रॅक्टरच्या टायरवर तर १८ चा ५ झाला, ज्यांना मागचे मोठे टायर घ्यायचे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, मोठी रक्कम वाचते.

आता फिटिंग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. जुनी चाकं काढल्यावर हबवर तांबूस गंजाचा थर होता. पोऱ्यानं तारेच्या ब्रशनं चारही हब घासून चकचकीत केले, बोट फिरवून पाहिलं, मग रिंग बसवली. हा गंज ठेवून वरून अलॉय चढवला की रिम नीट टेकत नाही अन् काही दिवसांनी नट ढिले होतात. टायर रिमवर चढवताना त्याच्यावरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणला, कारण तो टायरचा हलका भाग असते अन् व्हॉल्व्हची बाजू रिमची जड. बॅलन्सिंगला एका चाकानं ४५ ग्रॅम मागितलं. दुसरा कोणी असता तर ४५ ग्रॅमचं वेट चिकटवून मोकळा झाला असता. यानं हवा काढली, टायर रिमवर अर्धा फिरवला, परत हवा भरली अन् मशीनवर लावलं तर १५ वर आलं. वेट चिकटवायची जागा आधी थिनरनं पुसली, नाहीतर पहिल्या धुण्यातच निघून पडते.

नट आवळायचं तर आमच्याइकडं बहुतेक जागी गन लावून घर्रर्र करतात, नाहीतर पान्याला पाईप लावून वर उभे राहतात, अन् मग रात्री रस्त्यात पंक्चर झालं की घरच्या बाईमाणसाला काय, गड्यालाही नट निघत नाही. इथं आधी हातानं सगळे नट पूर्ण आटे बसेपर्यंत फिरवले, मग समोरासमोरचे दोन-दोन करून आवळले, गाडी जॅकवरून खाली घेतली अन् शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) लावला. प्रत्येक नटाला कट्ट असा आवाज आला की थांबायचं. अन् जाताना बजावून सांगितलं, शंभर किलोमीटर झाले की परत या, नट पुन्हा तपासून देतो, पैसे नाही. गेलो, तपासून दिले.

खर्च सांगतो, चार अलॉय २६ हजार, चार टायर २२ हजाराच्या आसपास, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट अन् व्हॉल्व्ह मिळून वरचे दीड-दोन हजार. जुन्या चार डिस्कपैकी दोन त्यानं घेतल्या, दोन मी घरी ठेवल्या. स्टेपनी तीच जुनी १४ इंची लोखंडी आहे, उंची सारखीच असल्यानं पंक्चरवाल्यापर्यंत जायला अडचण नाही, फक्त अलॉयसोबत नवे नट दिले असतील तर जुने नट स्टेपनीसोबत डिक्कीत ठेवा, दोन्हीची बैठक वेगळी असू शकते.

चालवायला गाडी बदलली हे नक्की. मूर्तिजापूर ते अकोला हायवे, तोच ज्याच्यावर अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरची डांबरी एक लेन २०२२ मध्ये १०५ तासांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला, तिथं आता बाजूनं ट्रक गेला तरी गाडी हलत नाही. कारंज्याहून समृद्धी पकडून नागपूरला आईला दवाखान्यात नेलं, सिमेंट रोडवर टायरचा आवाज थोडा येते पण स्टेअरिंग १०० च्या वर पण स्थिर. ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटते. स्टेअरिंग उभ्या गाडीत किंचित जड झालं अन् अ‍ॅव्हरेज थोडंसं कमी पडलं, रुंद टायरला ते होणारच. पांदणीनं वावरात गेलो तर फार काही फरक नाही, सेडान ती सेडानच, पण पऱ्हाटीचे (कपाशीचे) खुंट असतात तिथं गाडी घालूच नका, नव्या टायरच्या भिंतीत खुंट घुसला की तो टायर गेला, भिंतीला पंक्चर काढत नाहीत.

मधे अवकाळी पाऊस आला तेव्हा गाडी थरथरायला लागली. फोन केला तर दुकानदार म्हणे, "आधी रिम आतून धुवा, मंग या." खरंच, रिमच्या आत एका बाजूला मुठभर गारा वाळून बसला होता. पाइपनं धुतला अन् थरथर गेली. हे लक्षात ठेवा, बॅलन्सिंगचे पैसे वाचतील. हवा पण सकाळी गाडी थंड असताना मोजायची, दरवाज्याच्या आतल्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असते तो पहा, अन् भर उन्हात चालवून आल्यावर हवा वाढलेली दिसली म्हणून काढू नका, टायर थंड झाला की मग ती कमी पडते अन् कमी हवेचा टायरच समृद्धीवर तापून फुटते.

तक्रारी आहेत. अलाइनमेंटचं मशीन चालवणारा एकच माणूस, तो जेवायला गेला की लाइन थांबते, आम्ही दुपारी बराच वेळ बसून होतो. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या अन् बायकांसाठी बाथरूम नाही, आईला शेजारच्या हॉटेलात न्यावं लागलं. एवढं चांगलं काम करणाऱ्यानं ही सोय करायलाच पायजे, मी त्याला तोंडावर सांगितलं, तो हो म्हणाला. कार्ड चालते पण अलॉयवर कॅश दिली तर बिल कच्चं देऊ का विचारतात, पक्कंच घ्या, टायरच्या वॉरंटीला तेच लागते. अन् वॉरंटी बनावटीच्या दोषाची असते, खड्ड्यात कापला किंवा फुगला तर साधारण त्यात बसत नाही, हे आधीच विचारून घ्या.

जायचं असेल तर सकाळी दुकान उघडायच्या वेळी पोचा, अन् साइज त्याच्याकडं आहे का अन् टायर कोणत्या आठवड्याचा आहे हे आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवा, तो गोदामात जाऊन वाचून सांगते.