‘इन्फ्रारेड केलेला’ कॅमेरा घेताना माझे १७,४५० रुपये गेले

साध्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, अडवणारी काच असते. ती काढून इन्फ्रारेड आत सोडणारा फिल्टर बसवला की कॅमेरा ‘कन्व्हर्ट’ झाला. जुना कॅनन ४५०डी, ‘७२० नॅनोमीटरला (म्हणजे त्याच्या अलीकडचा बहुतेक प्रकाश अडवणारा) कन्व्हर्ट केलेला’, म्हणून १६,५०० ला घेतला. ४,००० टोकन, पार्सल निघाल्यावर १२,५००, कुरिअरचे ४५०. वर कॅमेरा उघडून बघणाऱ्या कारागिराचे ५००. आतली मूळ काच जशीच्या तशी होती.

टोकन, घाई, ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. पण वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची झाडं पांढरीशुभ्र आणि आभाळ काळंभोर, असा इन्फ्रारेड फोटो काढायचं दोन वर्षं मनात होतं. कॅमेरा घेऊन वेगळं कन्व्हर्ट करायची ऐपत नाही, म्हणून तयार शोधला. लोक म्हणतात, हाव नडली. यात हाव कसली?

कळायला हवं होतं ते विकणाऱ्याने पाठवलेल्या व्हिडिओत. टीव्हीच्या रिमोटची चाचणी मीच मागितली होती: रिमोटमधून इन्फ्रारेड निघतं, ते कॅमेऱ्याला दिसतं का ते बघायचं. त्याने रिमोट धरला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला आणि मी पैसे पाठवले. अहो, तसा ठिपका कितीतरी साध्या फोनच्या कॅमेऱ्यांतही दिसतो. इन्फ्रारेड अडवणाऱ्या काचेतूनही थोडं झिरपतंच. आणि रिमोटच्या मागचा पडदा स्क्रीनवर हिरवागार दिसत होता! आत ७२० चा फिल्टर असेल तर सगळं लालभडक दिसायला हवं. हिरवा येईल कुठून? तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला होता. चारही वेळा ठिपकाच पाहिला.

विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर उन्हातलं झाड दाखवायला लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर थेट. पानं हिरवी दिसली किंवा तो नाही म्हणाला तर फोन ठेवा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. ‘वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला.’ सोनं म्हणून पितळ दिलं तर वस्तू मिळाली म्हणायचं? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे ते कशाला? मग म्हणाले, विकणाऱ्याच्या गावी जाऊन तक्रार द्या. गुन्हा कुठेही घडो, तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे मी त्यांना सांगायचं का? तिसऱ्या खेपेला साहेबांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

स्वस्तात सुरुवात करायची तर आहे त्याच कॅमेऱ्याच्या लेन्सवर ७२० चा फिल्टर लावा, ट्रायपॉडवर काही सेकंदांचं एक्स्पोजर द्या. वेळ लागतो, पण फोटो येतो. आणि पैसे वाचवायला, स्वतःच कन्व्हर्ट करू म्हणून, छोटा कॅमेरा घरी उघडू नका. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरचा जोरदार झटका बसतो.

आज ४६ दिवस झाले. तक्रारीच्या पोर्टलवर अजून ‘पडताळणी सुरू’.