बडोद्याहून दिल्लीजवळच्या दादरीला रेल्वेने कंटेनर: सेवेचा अभिप्राय

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यातून बिडाचे ओतीव भाग दिल्लीकडे पाठवण्यासाठी आम्ही शहरातील एका एजंटामार्फत रेल्वेची कंटेनर सेवा घेतो. ट्रकपेक्षा भाडे कमी पडते आणि मोडतोड जवळजवळ होत नाही, त्यामुळे जड माल असणाऱ्यांना ही सेवा मी मनापासून सुचवेन.

माल भरण्याचे काम विशेष चोख आहे. एजंटाचा माणूस कंटेनरच्या तळावर खडूने रेघा आखून वजन दोन्ही टोकांना सारखे विभागतो, लाकडी पाचरी ठोकून घेतो आणि काट्याची पावती हाती आल्याशिवाय सील लावत नाही. बिडाच्या मालाने कंटेनर अर्धाही भरलेला नसतो आणि वजन मात्र पूर्ण झालेले असते. तरी त्यावर एक पेटीही चढवू न देण्याची त्याची शिस्त योग्यच आहे. वीस फुटी कंटेनर मालासकट 30.48 टनांपर्यंत चालतो, असे दोन एका बीएलसी वॅगनवर, म्हणजे कंटेनर वाहणाऱ्या सपाट वॅगनवर, बसतात आणि वॅगनचे स्वतःचे वजन धरून तिच्या चार आसांपैकी प्रत्येकावर 20.32 टनांपर्यंतच भार देता येतो. रुळांनी किती पेलावे हा प्रश्न बडोदेकरांना जुनाच आहे: खंडेराव महाराजांच्या काळी, 1862 साली सुरू झालेल्या डभोई–मियागाम मार्गावरचे रूळ इतके हलके होते की गाड्या बैलांनी ओढाव्या लागत.

तक्रार एकच आहे, ती प्रतीक्षेची. पंचेचाळीस वॅगनांचा रेक (एकत्र धावणारी अख्खी मालगाडी), म्हणजे नव्वद कंटेनर, जमेपर्यंत माल टर्मिनलवर पडून राहतो आणि नेमकी तारीख विचारली तर ‘रेक लागला की कळवू’ एवढेच उत्तर मिळते. आणखी वॅगन जोडून गाडी लांबवणेही सोपे नाही, कारण जुन्या मार्गांवरील लूप लाइनीत, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी बाजूला थांबण्याच्या रुळावर, साधारण 686 मीटरचीच गाडी उभी राहते आणि त्याहून लांब गाडीचे शेपूट मुख्य मार्ग अडवते. समर्पित मालवाहतूक मार्गावर ही मर्यादा दीड किलोमीटरपर्यंत वाढवली आहे. 15 ऑगस्ट 2022 रोजी छत्तीसगडमध्ये धावलेली ‘सुपर वासुकी’ 295 वॅगनांची आणि साडेतीन किलोमीटर लांबीची होती खरी, परंतु ती पाच रेक जोडून केलेली होती. इतक्या लांब गाडीचा सगळा ताण वॅगन जोडणाऱ्या पुढच्या कपलिंगवर येऊ नये आणि ब्रेकच्या नळीतील हवेच्या दाबाचा बदल शेवटच्या वॅगनपर्यंत वेळेत पोहोचावा, म्हणून इंजिने मधेमधेही लावावी लागतात.

मी पाचपैकी चार गुण देतो. ज्यांच्या मालाला ठरलेल्या दिवशीच पोहोचायचे आहे त्यांनी ट्रक घ्यावा. इतरांनी नोंदणी करतानाच रेक किती भरला आहे ते विचारून घ्यावे.