फोंड्यातला वादविवादाचा क्लास, आठ रविवारांचा अनुभव

लेक हायर सेकंडरीला आहे, मराठी वादविवाद स्पर्धेसाठी तिला फोंड्यात रविवारच्या क्लासला घातलं होतं. आठ रविवार, अडीच हजार फी आणि विषय एकच, दहशतवादाला लष्करी बळ हेच उत्तर आहे का. आधी वाटलं एकाच विषयावर पोरं एवढे रविवार काय बोलणार, पण सरांची पद्धत अशी की या रविवारी ज्या बाजूने बोललात त्याच्या उलट बाजूने पुढच्या रविवारी बोलायचं, आणि नाव, साल सांगता आलं नाही तर खाली बसायचं.

पहिल्या दिवशी सगळी पोरं सर्जिकल स्ट्राइकवर. साहजिक आहे, 2016 ला संरक्षणमंत्री आपले पर्रीकर होते, इथल्या मुलांना तो अभिमान आहे आणि असायलाच हवा. एकाने गोवा मुक्ती काढली, लष्कराने 36 तासांत काम केलं म्हणाला. सरांनी विचारलं, तेव्हा समोर पोर्तुगीज गव्हर्नर होता, त्याने शरणागतीवर सही केली, इथे दहशतवाद्यांकडून सही कोण करणार? तो प्रश्न लेकीने घरी आणला आणि जेवताना आम्ही सगळे त्यावरच.

मग मिझोराम. मला खरंच माहीत नव्हतं की 1966 ला आयझॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले होते. मिझो बंड त्याने संपलं नाही, 20 वर्षांनी करार झाला, बंडाचा नेता लालडेंगा मुख्यमंत्री झाला आणि 1987 च्या फेब्रुवारीत राज्य झालं, आपल्या गोव्याच्या तीनच महिने आधी. पण सर एकाच बाजूला झुकत नाहीत हं, श्रीलंकेचं पण घेतलं, तिथे बोलणी पुन्हा पुन्हा फिसकटली आणि 2009 ला एलटीटीईला, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोर संघटनेला, लष्करानेच संपवलं, सामान्य तमिळ माणसं किती मेली तेही सांगितलंच. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेचा 2008 चा अभ्यास वाचायला दिला, संपलेल्या 268 दहशतवादी संघटनांपैकी लष्करामुळे संपल्या फक्त 7 टक्के, पोलीस आणि गुप्त माहितीमुळे 40, राजकारणात आल्यामुळे 43. तरी मोठ्या सशस्त्र बंडात लष्कर लागतंच असंही त्यातच आहे.

माझा भाऊ सैन्यात आहे, काश्मीरला होता. लष्कराच्या विरुद्ध बोलायची पाळी आली तेव्हा लेक रडवेली झाली, मामाच्या विरोधात कशी बोलू म्हणून, शेवटी तिने त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, अगं खबर आल्याशिवाय आम्ही वेढा कुठे घालणार, आणि ज्या गावात मागच्या खेपेला कुणा पोराला उगाच मार बसला तिथून खबर येत नाही. बंदूक लागते, पण कुठल्या दारावर जायचं ते गावातला माणूसच सांगतो. लेकीने हे वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि माझं मत विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे.

आता तक्रार. कागद सगळे इंग्लिशमध्ये, मराठी स्पर्धेच्या मुलांना ते रात्री बसून मराठीत उतरवावे लागतात. आणि शेवटच्या रविवारी बाहेरून आणलेल्या परीक्षकांनी पहिला नंबर दिला तो नुसता आवाज चढवून बोललेल्या मुलाला, एक साल नाही की एक नाव नाही. तुकाराम ओंबळेंनी हातात फक्त लाठी असताना कसाबला जिवंत धरलं म्हणून 26/11 चा कट कोर्टात उभा करता आला, हे मांडणारी मुलगी तिसरी. मला राग आला, सरांना तोंडावर सांगितलं, त्यांनी पण मान्य केलं.

तरी पाठवाच. साडेनऊला सुरू होतो, पार्किंग नाही, कदंबाच्या बसने गेलेलं बरं. पुढच्या बॅचला धाकट्याचं नाव घातलंय. भाऊ चवथीला रजेवर येतोय, सरांनी त्याला एका रविवारी वर्गात बोलावलंय, पोरांनी आतापासून प्रश्न काढून ठेवलेत.