जुनी डिझेल: पंपवाली घ्यावी की कॉमन रेल?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात जुनी डिझेल गाडी शोधणाऱ्यापुढं शेवटी दोनच वाटा उरतात. एक रोटरी पंपाची, जिथं फिरणारा यांत्रिक पंप दाब देऊन डिझेल नोझलला पोचवतो, म्हणजे १९९८ च्या डिसेंबरात आलेल्या इंडिकाच्या १,४०५ सीसी इंजिनाची पिढी. दुसरी कॉमन रेलची, जिथं एका सामाईक नळीत दाबाखाली साठवलेलं डिझेल संगणकाच्या हुकमानं इंजेक्टर आत सोडतात, म्हणजे २००७ साली स्विफ्टमध्ये आलेल्या १,२४८ सीसी मल्टिजेटची पिढी. मॉडेल, रंग, सीट कव्हर हे सगळं नंतर बघायचं. आधी डिझेल इंजिनात कसं जातं ते ठरवायचं, कारण पुढची दहा वर्षं तुम्ही कुठल्या मेस्त्रीच्या दारात उभे राहणार ते त्यावरच ठरतं.

माझ्या शेडमध्ये दोन्ही पिढ्यांची एकेक गाडी सहा वर्षं शेजारी शेजारी उभी होती. आता एकच आहे. माझ्या गाड्यांची नावं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात दोष बनवणाऱ्याचा नव्हता, वयाचा आणि किलोमीटरचा होता.

आधी कॉमन रेलची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू, आणि गोव्याकडून चोर्ला घाट चढायचा: तिसऱ्या गिअरमध्ये ती आवाज न करता वर येते. पंपवालीला तिथं दुसरा टाकावा लागतो, आणि वळण फार उभं असेल तर एसी बंद करावा लागतो. बेळगाव-कोल्हापूर हायवेला माझ्या हाताला कॉमन रेल वीसला टेकायची, पंपवाली पंधरा-सोळाच्या पुढं कधी गेली नाही. धूर नाही, थरथर नाही. मल्टिजेटला टायमिंग चेन आहे, त्यामुळं बेल्टची धाकधूक नाही. पार्टचंही रडगाणं नाही. डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिआ अशा कितीतरी गाड्यांत तेच इंजिन बसलं, म्हणून २०२० साली मारुतीनं डिझेल बंद केलं तरी त्याचं सामान अजून दुकानात सहज मिळतं.

पंपवालीची नाटकं जास्त, हे मी आधीच कबूल करतो. थंडीत सकाळी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. थंड इंजिन तापवणाऱ्या चार हीटर प्लगांतला एक गेला तरी पहिलं मिनिटभर ती खोकते आणि पांढरा धूर सोडते. प्लग काढून बॅटरीला लावायचा, टोक लाल झालं तर चांगला, नाही तर नवा, एवढी साधी परीक्षा, पण करावी लागतेच. टायमिंग बेल्ट तुटला तर वॉल्व वाकतात आणि हेडकाम निघतं. म्हणून बेल्ट कधी बदलला याची पावती मालकाकडं नसेल तर गाडी घेतल्याच्या आठवड्यात तो बदलून टाका, मालक तोंडी काहीही सांगो.

आणि ती एअर घेते. डिझेलचे रबरी पाइप वीस वर्षांत कडक होतात, क्लिपजवळ केसाएवढी चीर पडते, डिझेल बाहेर गळत नाही पण रात्रभरात हवा आत शिरते. सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन एकदा पेटतं आणि बंद पडतं. पहिल्यांदा झालं तेव्हा शेजारच्या अण्णांनी नुसतं ऐकून कानडीत सांगितलं, "गाळी ऐत्री." हवा आहे, एवढंच. मग आम्ही दोघांनी फिल्टरवरचा बॅन्जो बोल्ट, म्हणजे डिझेलची नळी धरणारा पोकळ बोल्ट, दोन आटे सैल केला आणि वरचा हातपंप दाबत राहिलो. आधी नुसती फुसफुस. मग साबणासारखा फेस, बोल्टच्या कडेनं बुडबुडे. मग फेस विरळ होत होत एका क्षणी अखंड, स्वच्छ डिझेल ओघळलं. बोल्ट कसला, हात पुसले, सेल्फ मारला, गाडी चालू. पंधरा मिनिटं गेली असतील. नंतर पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी बसवून घेतली. आता बॉनेट उघडलं की बुडबुडा डोळ्यांना दिसतो.

इथवर कुणीही कॉमन रेलच घेईल. मीही रोजच्या कामाला तीच काढत होतो. पारडं फिरलं ते एका त्रासानं, आणि गंमत म्हणजे तो त्रास मला दोन्ही गाड्यांनी दिला. इंजिन गरम असताना स्टार्ट न होणं.

पंपवालीचं आधी झालं. मे महिना, गोव्याहून परत येत होतो. घाट चढून कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाच्या गावात, चहाला थांबलो. वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर नुसतंच घर्र घर्र. सकाळी एका सेल्फात उठलेली गाडी. मेस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "पंपावर ओला फडका टाका आणि जरा दम खावा." पंपाच्या आतलं हेड-रोटर, म्हणजे दाब तयार करणारा भाग, झिजला की इंजिनाच्या उष्णतेनं पातळ झालेलं डिझेल फटीतून मागं सरकतं, आणि सेल्फच्या सावकाश फिरण्यात नोझल उघडण्याएवढा, म्हणजे साधारण १३० ते १५० बार, दाब तयारच होत नाही. पंप गार झाला की डिझेल पुन्हा दाट होतं आणि दाब येतो. चहावाल्या मामांनी माठातलं पाणी दिलं, मी फडका भिजवून पंपावर गुंडाळला. आठ-दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. इंजिन बंद न करता चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर येऊन थेट घरी.

इथं एक सांगून ठेवतो. फडकाच टाका, पाण्याची बाटली ओतू नका, आणि इंजिन फिरत असताना तर मुळीच नको. आतल्या भागांतली फट काही मायक्रॉनची असते. एका बाजूनं एकदम गार पडलं तर रोटर धरतो आणि पंपच जातो.

पुढच्या आठवड्यात पंप उतरवून बेळगावातल्या पंप-नोझलवाल्याकडं दिला. हेड-रोटर बदललं, किट टाकलं, कॅलिब्रेशन केलं. तिसऱ्या दिवशी पंप माझ्या हातात. एका नव्या कॉमन रेल इंजेक्टरच्या किमतीत अख्खा पंप झाला. किट टाकताना व्हिटॉनच्या, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या खास रबराच्या, रिंगा मागून घ्या. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, त्यात जुन्या साध्या रबरी रिंगा आकसतात आणि पंप कडेनं ओलावतो.

कॉमन रेलचं दुखणं दोन वर्षांनी सुरू झालं, १,६०,००० किलोमीटरच्या सुमारास. निपाणीच्या अलीकडं तवंदी घाट उतरून आईसाठी औषध घ्यायला थांबलो, परत आलो तर तीच तऱ्हा. सकाळी थंड असताना झकास, गरम असताना मेली. मी अगदीच अडाणी नव्हतो. मोबाईलला जोडायचा स्कॅनर गाडीतच होता. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बारच्या वर दाब गेला तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडतो. माझ्या स्क्रीनवर आकडा दीडशेच्या पुढं सरकेना. म्हणजे बहुधा कुठला तरी इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे टाकीकडं परत जाणाऱ्या नळीत, डिझेल सोडत होता. रोग कळला. पण रस्त्याच्या कडेला करण्यासारखं काहीच नव्हतं. फडका कुठं टाकणार? आई आत बसलेली, ऊन उतरायला लागलेलं, आणि आम्ही दीड तास इंजिन गार व्हायची वाट बघत होतो.

पुढची गोष्ट जुन्या कॉमन रेलवाल्यांना पाठ असेल. एका वर्कशॉपनं चारही इंजेक्टर बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्या एका मेस्त्रीनं सलाइनच्या चार नळ्या आणि औषधाच्या चार बाटल्या रिटर्नला जोडल्या आणि दोन मिनिटं सेल्फ-रेस करून दाखवलं. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल, तिसऱ्या नंबरची गळ्यापर्यंत. ही परीक्षा तुम्हीही घरी करू शकता, चार बदलायला होकार देण्याआधी जरूर करा. तो एक इंजेक्टर दुरुस्तीला दुसऱ्या शहरात गेला. आल्यावर त्याच्या डोक्यावर कोरलेला कोड स्कॅनरनं ईसीयूत भरावा लागला. गाडी अकरा दिवस जागेवर. चार महिन्यांनी पहिल्या नंबरचा इंजेक्टर त्याच वाटेनं गेला.

पैशांचं दुःख मी सोडून दिलं असतं. सुटलं नाही ते दुसरंच. त्या चार महिन्यांत मला गाडी बंद करायची भीती बसली. चहाला थांबलो की इंजिन चालू. पेट्रोल पंपावर जाताना आधी हिशेब, की इथं बंद करावी लागणार, परत उठेल का? एकदा देवळासमोर गाडी चालू ठेवूनच नमस्कार करून आलो तर आई म्हणाली, "अरे बंद कर की ती, दारात धूर कशाला?" त्या दिवशी मी ठरवलं. ज्या गाडीची किल्ली फिरवून काढताना मन कचरतं, ती कितीही शांत चालली तरी मला नको.

हे मी सगळ्यांना लागू करत नाही. तुम्ही रोज निपाणी-कोल्हापूर करत असाल, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर पडत असतील, तर चार-पाच किलोमीटरच्या ॲव्हरेजचा फरक इंजेक्टरचे पैसे भरून काढेल. इंजेक्टर नुकतेच झालेली, पावत्या असलेली, ८०-९० हजार चाललेली कॉमन रेल मिळाली तर मी स्वतःसुद्धा दोनदा वळून बघेन. शहरात राहणाऱ्यालाही तीच बरी.

पण गाडी आठवड्यातून दोनदा निघणार असेल, शेतावर जाणार असेल, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं किंवा आंबोलीला जाणार असेल, आणि बॉनेट उघडून स्वतः हात घालायची हौस असेल, तर मला पंपवाली जास्त आपली वाटते. एक कारण आपल्या भागातच आहे. नदीकाठी उसाला पाणी पाजायला ऑइल इंजानं चालवलेली पिढी अजून गावोगाव आहे. बॅन्जो बोल्ट सैल करून एअर काढणं म्हणजे काय, हे चंदगडच्या शिवारातल्या म्हाताऱ्यालाही सांगावं लागत नाही. वर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँक घासून देणारे, हेड प्लेन करणारे, नसलेला बुश खरादावर काढून देणारे हात आहेत. इंजिन नुसतं लोखंडाचं असेल तर बेळगावात ते मरत नाही. ईसीयूचं आणि वायरिंगचं तसं नाही. शेडमध्ये महिनाभर उभ्या गाडीची एखादी वायर उंदरानं कुरतडली तर पंपवालीचा फार तर दिवा जातो. तिच्या इंजिनाला लागते ती स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या वॉल्वची, एकच वायर, ती मी बॅटरीवरून थेट देऊन घरी आलेलो आहे.

कागदांचं दोन्हींना सारखंच, तरी सीमेवरच्या माणसानं विसरू नये. एमएच ०९ ची गाडी स्वस्त दिसते म्हणून कोल्हापूरहून आणली आणि बेळगावात ठेवली तर बारा महिन्यांच्या पुढं तिला कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम तेच सांगतं. एनओसी आणि इथला टॅक्स धरूनच भाव ठरवा. शक्यतो केए २२ किंवा केए २३ चीच बघा. पंधरा वर्षं झालेल्या कारच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आहे, वीस वर्षांच्या पुढं आणखी जास्त. दिल्लीसारखी दहा वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडं नाही, त्या भीतीनं कुणी चांगली गाडी भंगारात देऊ नये.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करा, मग पहिला सेल्फ तुम्ही मारा. ही अर्धी परीक्षा. उरलेली अर्धी कुणी करत नाही. गाडी घेऊन जांबोटीपर्यंत जा, पिरनवाडीच्या पुढं जरा दाबून चालवा, काटा मध्यावर येऊ दे. तिथं गाडी बंद करा आणि किल्ली खिशात टाकून वीस मिनिटं चहा प्या. मालक म्हणेल, "चालूच राहू द्या की ओ, लगेच निघायचंय." तरीही बंदच करा.