कोरड्या ब्रशचं टोक बघून पैसे देऊ नका : १७,५८० रुपयांचा अनुभव

१७,५८० रुपये. आकडा आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तो डोळ्यासमोर राहील. एवढ्या पैशांत छोटी मॉडेलं रंगवणाऱ्या आम्हा तिघांना नऊ ब्रश मिळाले. कोलिन्स्की, म्हणजे बारीक रंगकामाला नावाजलेला महाग केस, म्हणून विकलेले. आणि त्या नवांत कोलिन्स्कीचा एक केस नाही.

हिशेब असा. साइज ०चे तीन, प्रत्येकी १,४५०. साइज १चे तीन, प्रत्येकी १,६५०. साइज २चे तीन, प्रत्येकी १,९५०. झाले १५,१५०. पाच दिवसांनी ‘कस्टममध्ये अडकलंय’ म्हणून २,२५०. मग कुरिअरचे १८०. तिन्ही वेळा यूपीआयने आणि तिन्ही वेळा एकाच माणसाच्या वैयक्तिक नंबरवर. बाकी पद्धत तुम्हाला माहीत असलेलीच : फोनवरचा ग्रुप, ‘बाहेरून लॉट येतोय, ऑर्डर एकत्र टाकतोय’, दोघातिघांचे ‘मिळाले, एक नंबर माल’ असे मेसेज, आणि पैसे आज रात्री बाराच्या आत.

‘एवढं कळत असून फसलात कसे?’ हे आतापर्यंत बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून सांगतो. तो माणूस ब्रशबद्दल एक शब्दही चुकीचा बोलला नाही. २८ मिलिमीटरच्या मॉडेलचे डोळे रंगवायला नवशिके ०००, ५/०, १०/० असले बारीक ब्रश मागतात. त्याने स्वतःहून सांगितलं की ते घेऊ नका. बरोबरच आहे. १०/०ला पोट, म्हणजे केसांचा रंग धरून ठेवणारा फुगीर भाग, नसतं, त्यात रंग थेंबभरही मावत नाही, आणि टोक मॉडेलपर्यंत नेईस्तोवर रंग टोकावरच सुकतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या आसपास असताना तर पॅलेटवरून हात उचलला की खेळ संपला. बारीक रेष येते ती टोकामुळे. साइजचा आकडा सांगतो तो पोट किती मोठं आहे ते. चांगल्या टोकाचा साइज १ डोळ्याची बाहुलीही काढतो आणि कॉलरची लांब किनारही एका दमात ओढतो, कारण पोटातला रंग टोकाला पुरत राहतो.

विन्सर अँड न्यूटन या ब्रिटिश कंपनीच्या सिरीज ७ या कोलिन्स्की ब्रशची गोष्टही त्याने नीट सांगितली : १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी ते ब्रश बनवायला घेतले, तिच्या आवडीचा साइज ७ म्हणून सिरीजला ७ हे नाव. त्याच सिरीजमध्ये ‘मिनिएचर’ नावाचा वेगळा प्रकार येतो, त्याचे केस आखूड असतात. नाव बघून मॉडेलवाले तोच घेतात आणि मग रंग टिकत नाही म्हणून कुरकुरतात, हेही त्याला माहीत होतं. असं बोलणाऱ्या माणसावर विश्वास बसला, यात आमचा मूर्खपणा होता असं मी अजूनही मानत नाही.

मूर्खपणा झाला तो पुढे. ती चाळीस सेकंदं मला आजही झोपू देत नाहीत.

त्याने व्हिडिओ पाठवला. काळ्या कापडावर नऊ ब्रश, टोप्या काढलेल्या, नवाचीही टोकं सुईसारखी. आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, ‘एक ओला करून दाखवता का?’ उत्तर आलं, ‘भाऊ, ओला केला की नवा राहत नाही. तुमचाच माल आहे, मी कशाला खराब करू?’ आणि आम्ही ‘बरोबर आहे’ म्हणालो! तिघंही! नवीन ब्रशचं टोक डिंकाने बसवलेलं असतं, वाहतुकीत केस वाकू नयेत म्हणून, हे आम्हाला माहीत होतं. अस्सल ब्रशलाही डिंक असतो आणि पन्नास रुपयांच्या ब्रशलाही असतो. डिंक लावला तर खराट्याच्या काडीलाही टोक येईल. चितारओळीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, कोरडं टोक बघून तो ब्रश उचलणार नाही. प्रश्न बरोबर विचारला होता, उत्तर चुकीचं आलं होतं, आणि ते चुकीचं आहे हे कळण्याइतकं ज्ञान तिघांकडेही होतं. तरी पैसे पाठवले.

पाकीट आल्यावर पहिला ब्रश, साइज १, पाण्याच्या वाटीत बुडवला. दांडी काळी, अक्षरं सोनेरी, केस धरणारी धातूची नळी चकचकीत. अर्ध्या मिनिटात डिंक सुटला, पाण्यात धुरकट रेघ उतरली. ब्रश बाहेर काढून मनगटाने एक झटका दिला. चांगला ब्रश या झटक्यालाच आपणहून एका टोकाला येतो. हा फाटला. दोन शेंडे, मध्ये फट, आणि कडेला एक केस आडवा. बोटांनी वळवला, नखावर फिरवला, परत ओला केला. परत दोन शेंडे. असे एकामागून एक नऊ.

मग भिंग काढलं. अस्सल केस टोकाकडे निमुळता होत जातो. ब्रश बांधताना केस टोकाकडून कधीच कापत नाहीत, टोकं जुळवतात आणि जादा लांबी बुडाकडून छाटतात. आमच्या ब्रशच्या केसांची टोकं सपाट छाटलेली होती. केसांची जाडीही वरपासून खालपर्यंत सारखी. टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ब्रश पुसला तर टिश्यू तपकिरी झाला : पांढरं नायलॉन, वरून रंगवलेलं. नळीला लांबीच्या बाजूने जोड होता. चांगली नळी बिनजोड असते. शेवटी एक केस उपटून पेटत्या काडीवर धरला. वितळला, आणि थंड झाल्यावर टोकाला कडक काळा मणी राहिला. खरा केस जळताना केस जळाल्याचाच वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पण एक लक्षात ठेवा : वास आला म्हणजे कोलिन्स्की, असं नाही. बकरीचा, घोड्याचा केसही तसाच जळतो. जाळून फक्त नायलॉन पकडता येतं.

कस्टमचे २,२५० हा तर उघडउघड दरोडा. कस्टम ड्युटी कोणाच्या खासगी यूपीआयवर भरायची नसते, तिची पावती असते. त्याहून मोठी गोष्ट, कोलिन्स्की म्हणजे सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीचे केस. हा प्राणी भारताच्याच मागणीवरून साइटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे हे ब्रश सीमा ओलांडताना त्याचे कागद लागतात. २०१३ साली अमेरिकेने कागदांवरूनच या ब्रशची आयात अडवली होती. आम्ही कागदांचा फोटो मागितला तेव्हा तो म्हणाला, ‘एजंटकडे आहे, उद्या टाकतो.’ तो उद्या अजून आलेला नाही. कागद दाखवत नसेल तर एक रुपया देऊ नका.

तक्रार केली तेव्हा त्याने काय भरपाई देऊ केली? ‘त्याच्या बदल्यात अस्सल मुंगसाच्या केसाचे देतो, डझनभर.’ हे नीट वाचा. मुंगूस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच्या केसांचा ब्रश विकणं, घेणं, जवळ बाळगणं, तिन्ही गुन्हा. आम्ही ‘हो’ म्हटलं असतं तर उद्या गुन्हेगार आम्ही ठरलो असतो. टोकाला गडद तपकिरी, मध्ये फिकट पट्टा, बुडाला करडा असे केस कोणी दाखवले तर हातही लावू नका. 

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘कशाचे ब्रश? दात घासायचे?’ दुसरा, ‘एका ब्रशला एकोणीसशे कोण देतं?’ अर्धा तास आम्ही फिर्यादी नसून आरोपी असल्यासारखी उत्तरं देत होतो. माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला आहे, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकली. क्रमांक मिळाला. क्रमांक घेऊन परत गेलो तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा गेलो तर ‘तुमच्या हद्दीत नाही, पाकीट जिथून आलं तिथे जा.’ पाकीट जिथून आलं तो पत्ता आहे ‘इतवारी, नागपूर’. घर नाही, गल्ली नाही, दुकान नाही. इतवारीत कुठे जायचं? बँकेत गेलो. ‘पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार तुमच्याच मर्जीचा.’ समोरचं खातं कोणाचं, हे सांगता येत नाही म्हणे, गोपनीयता. म्हणजे चोराची गोपनीयता जपायची आणि आमचे पैसे गेले ते गेले. मुंगसाच्या केसांचा मेसेज घेऊन आणखी एका कार्यालयात गेलो. मेसेज पुरावा होत नाही, माल आणून दाखवा! बाळगणं गुन्हा असलेला माल आम्ही विकत घेऊन आणून दाखवायचा? ऑनलाइन धरून चार ठिकाणं, सहा खेपा, आणि एकाही माणसाने त्या नंबरवर एक फोन लावला नाही.

पैसे गेल्यानंतर आमची चूक एवढीच की १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन नवव्या दिवशी केला. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवायचे तर तो फोन पहिल्या काही तासांत जायला हवा. पण तो रोज ‘बदलून देतो’ म्हणत होता, आणि बदलून मिळेल या आशेवर कोणीही थांबलं असतं. तुम्ही थांबू नका. आधी १९३०, मग त्याच्याशी बोलणं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. म्हणून पैसे देण्याआधी बिल मागा, नाव-पत्त्यासह.

ब्रश दुकानात जाऊनच घ्या. नागपुरात सीताबर्डी असो की धरमपेठ, काउंटरवर पेलाभर पाणी मागा. ब्रश बुडवा, डिंक सुटू द्या, झटका द्या, नखावर टोक वळवा. टोक बाजूला वाकवून सोडलं की केस सरळ उभे राहिले पाहिजेत. दुकानदार नाही म्हणाला तर उठा. एकाच साइजचे पाच ब्रश असतील तर पाचही बघा, एका डब्यातले दोन ब्रश सारखे नसतात. शंभर-दीडशेचा चांगला सिंथेटिक ब्रशही सुरुवातीला बारीक रेष देतो. पुढे त्याचं टोक हुकासारखं वळतं, तेव्हा तो प्रायमरला, म्हणजे रंगाआधीच्या थराला, लावायचा. मेटॅलिक रंगात अस्सल केसाचा ब्रश घालूच नका, त्यातली चमकी केसांच्या बुडाशी जाऊन बसते.

आणि टोक फाटलं म्हणजे प्रत्येक वेळी ब्रश नकलीच, असंही नाही. रंग नळीपर्यंत चढून आत सुकला तर महागातला महाग ब्रशही असाच फाटतो. अर्ध्या केसापर्यंतच बुडवा, रंग दुधाइतका पातळ ठेवा, पहिली रेष नखावर ओढून जादा रंग उतरवा, काम झाल्यावर साबण आणि थंड पाण्याने धुऊन टोक वळवून आडवा ठेवा. पाण्याच्या पेल्यात टोकावर उभा ठेवलेला ब्रश एका रात्रीत जातो. हे सगळं पाळूनही पहिल्याच धुण्यात टोक येत नसेल, तर दोष तुमचा नाही, माल खोटा आहे.

नवांपैकी एक आम्ही तपासायला मोडला. आठ तसेच आहेत, टोप्यांसकट, त्याच पाकिटात, तो अर्धवट पत्ता वर दिसेल असे. अशा पत्त्याचं पाकीट तुमच्याकडे आलं असेल तर ते फेकू नका, ब्रश वापरू नका, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका. तिघांच्या तक्रारीला दिवाणी मामला म्हणून हाकलता येतं. पंधरा जण एकाच नंबरविरुद्ध एकाच दिवशी उभे राहिले तर ते इतकं सोपं जाणार नाही.