ग्रिडवर नमुना चढवण्याआधी: क्यू एक्झॅक्टिव्ह यूएचएमआर या मास स्पेक्ट्रोमीटरचे परीक्षण

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत, म्हणजे गोठवलेल्या रेणूंची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहण्याच्या तंत्रात, गाडे अडते ते बहुतेक वेळा नमुन्यापाशी. शुद्ध केलेल्या प्रथिनाचे तीन मायक्रोलिटर ग्रिडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकात घालायच्या बारीक जाळीवर, ठेवायचे, टिपकागदाने जादा द्रव टिपून घ्यायचा आणि उरलेला पातळ थर द्रवरूप इथेनमध्ये बुडवून गोठवायचा, ही कृती लिहायला सोपी आहे. पण गोठण्याआधीच्या क्षणभरात रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर पुन्हा पुन्हा आदळतात आणि त्यांतले कित्येक तिथेच उलगडतात. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक जीवभौतिकी संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये यीस्टच्या फॅटी ॲसिड सिंथेज या अनेक उपएककांच्या (एकत्र जुळलेल्या प्रथिनसाखळ्यांच्या) संकुलाबाबत हेच दाखवले. द्रावणात धडधाकट असलेल्या या संकुलाचे सुमारे ९० टक्के रेणू ग्रिडवर अंशतः विस्कटलेले आढळले आणि ग्रिडवर जलस्नेही केलेल्या ग्राफीनचा थर दिल्यावर ते शाबूत राहिले. म्हणजे पडद्यावर तुकडे दिसले, तर पहिला प्रश्न असा पडायला हवा की प्रथिन नळीत मोडले होते की ग्रिडवर. रेणूंना विद्युतभार देऊन, म्हणजे त्यांचे आयन करून, त्यांचे वस्तुमान मोजणारे थर्मो फिशर कंपनीचे क्यू एक्झॅक्टिव्ह यूएचएमआर हे यंत्र मला महत्त्वाचे वाटते ते या प्रश्नासाठी, आणि त्याचे परीक्षणही मी याच कसोटीवर करत आहे.

हे यंत्र २०१८ मध्ये बाजारात आले. त्याच्या गाभ्याशी असलेला, आयन मोजणारा ऑर्बिट्रॅप जुनाच आहे, परंतु अतिशय जड आयन हाताळता यावेत म्हणून आयनांचा मार्ग नव्याने बांधलेला आहे. वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर ८०,००० पर्यंत मोजता येते आणि २५,००० पर्यंतच्या गुणोत्तराचा हवा तो आयन क्वाड्रुपोल या आयनांच्या चाळणीतून वेगळा निवडता येतो. यंत्राच्या पुढच्या भागातच आयन अडवून, त्यांना वायूच्या रेणूंवर हलकेच आपटून, अंगाला चिकटलेले पाणी आणि क्षार झाडून टाकण्याची सोय आहे. प्रत्यक्ष वापरात हीच सोय सर्वांत जास्त कामी येते. व्होल्टेज थोडे कमी पडले की मोजणीच्या आलेखातली शिखरे रुंद आणि बसकी येतात, थोडे जास्त झाले की संकुलातून एखादे उपएकक सुटून बाहेर पडते. या दोहोंमधली योग्य जागा प्रत्येक प्रथिनासाठी निराळी असते आणि ती शोधण्यात पहिला अर्धा दिवस सहज जातो.

चाचणीची पद्धत अशी. प्रथिन ज्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आहे तो बफर, म्हणजे ट्रिस, हेपेस, सोडियम क्लोराइड, ग्लिसरॉल वगैरे सारे, छोट्या स्पिन कॉलममधून काढून टाकून त्याजागी साधारण २०० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट आणायचे, कारण हा क्षार निर्वातात उडून जातो. मग सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेच्या केशनळीत दोन-तीन मायक्रोलिटर भरायचे आणि चिमट्याने तिचे टोक अगदी किंचित मोडायचे. टोक बेताने मोडले असेल, तर एक किलोव्होल्टच्या आसपास फवारा शांतपणे सुरू होतो आणि बराच वेळ टिकतो. जास्त मोडले, तर थेंब मोठे होतात आणि प्रत्येक शिखराच्या उजव्या अंगाला सोडियमचे शेपूट लागते.

या साऱ्या खटाटोपातून हाती काय लागते, हे ग्रोईएलच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. इतर प्रथिनांना घडी पडायला मदत करणारे, चौदा उपएककांचे हे चॅपरोन प्रथिन सुमारे ८०१ किलोडाल्टनचे (हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) आहे. त्यावर सत्तरच्या आसपास विद्युतभार बसतात, त्यामुळे त्याची शिखरे वस्तुमान-भार गुणोत्तराच्या साडेअकरा हजारांच्या आगेमागे एका ओळीत उभी राहतात. शेजारच्या दोन शिखरांतील अंतरावरून भार कळतो आणि भारावरून वस्तुमान. ग्रोईएस या जोडीदार प्रथिनाची सात उपएककांची टोपी त्यावर बसली की वस्तुमान सुमारे ७३ किलोडाल्टनने वाढते आणि दुसरी ओळ अगदी वेगळी दिसू लागते. टोपी सूक्ष्मदर्शकातही दिसते, हे खरे. परंतु ग्रोईएलच्या पोकळीत अडकलेले, घडी न पडलेले प्रथिन तिथे केवळ अस्पष्ट धुके म्हणून उमटते. मास स्पेक्ट्रोमीटर मात्र ते मोजून देतो. उट्रेख्टच्या गटाने २००५ मध्ये, हे यंत्र येण्याच्या पुष्कळ आधी, एका ग्रोईएलमध्ये विषाणूच्या कवचाचे न घडलेले प्रथिन दोनपर्यंत बसते, हे याच मार्गाने दाखवले होते. पंधरा किलोडाल्टनचे एखादे उपएकक निम्म्या रेणूंतून गळालेले असेल, तर प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याचा पट्टा दिसतच राहतो आणि निगेटिव्ह स्टेनच्या, म्हणजे जड धातूच्या क्षाराने रेणूभोवतीचा भाग रंगवून घेतलेल्या, चित्रात ते लक्षातही येत नाही. वस्तुमानाच्या शिखरांतून ते लपू शकत नाही.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. ज्या संकुलांना एकत्र राहण्यासाठी भरपूर पोटॅशियम क्लोराइड किंवा ठरावीक मॅग्नेशियम लागते, ती अमोनियम ॲसिटेटमध्ये आपोआप सुटू शकतात, आणि मग दोष बफरचा की प्रथिनाचा हे पुन्हा निराळे तपासावे लागते. केवळ जलविरोधी आकर्षणावर टिकलेले बंध निर्वातात दुबळे पडतात. पेशीच्या पटलातील प्रथिने डिटर्जंटच्या वेष्टनासह फवारून ते वेष्टन यंत्रात उतरवावे लागते. ते जमते, पण सी८ई४ सारखे सहज सुटणारे डिटर्जंट निवडण्यापासून सारी तयारी वेगळी करावी लागते. शिवाय शिखरांच्या उंचीवरून प्रमाण ठरवताना सावध राहिले पाहिजे, कारण लहान रेणू मोठ्यांपेक्षा सहज उडतात आणि सहज नोंदले जातात. ही शितावरून भाताची परीक्षा आहे आणि इथे शिते सगळ्या आकारांची सारख्या संख्येने हाती येत नाहीत.

म्हणूनच मास फोटोमीटरशी, म्हणजे एकेका रेणूने विखुरलेल्या प्रकाशावरून वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राशी, तुलना करणे रास्त ठरते. ते यंत्र मूळच्या बफरमध्येच, नॅनोमोलर सांद्रतेवर, मिनिटभरात वस्तुमानांचे चित्र देते. रोजच्या चाचणीसाठी मी तेच आधी वापरण्याचा सल्ला देईन. मात्र त्याची अचूकता काही टक्क्यांची आहे. एक लहान लिगँड (प्रथिनाला चिकटणारा रेणू) बसला की नाही, टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला तुकडा) कापला गेला की नाही, फॉस्फेट किती लागले, हे त्यातून कळत नाही. तिथे यूएचएमआरला तोड नाही.

आता या यंत्राच्या त्या उपयोगाबद्दल, ज्याचे मला सर्वाधिक अप्रूप आहे. निवडलेला आयन मोजून सोडून देण्याऐवजी तोच अलगद ग्रिडवर उतरवता आला, तर शुद्धीकरणाची शेवटची पायरी आणि ग्रिडची तयारी एकाच यंत्रात होईल आणि हवा-पाण्याच्या सीमेचा प्रश्नच मिटेल. ऑक्सफर्डमधील राउशेनबाख यांच्या गटाने याच यंत्रात फेरफार करून हे करून दाखवले. त्यांच्या २०२२ च्या कामात रेणूंचा आकार ओळखू येत होता, पण आतली बारीक रचना हरवली होती. त्याच वर्षी विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात कून यांच्या गटाने ग्रिडवर ग्लिसरॉलचा पातळ थर देऊन त्यात आयन उतरवले आणि निगेटिव्ह स्टेनच्या चित्रांतून त्रिमितीय रचना मिळवली. पुढे २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने अतिथंड ग्रिडवर उतरवलेल्या बीटा-गॅलॅक्टोसायडेज या प्रथिनाची रचना २.६ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत, सोडवली. तिची मूळ घडण बव्हंशी शाबूत होती, मात्र पाणी निघून गेल्याने रेणूवरच्या खाचा मिटून तो थोडा आक्रसला होता. निर्वातातून गेलेले चार उपएककांचे प्रथिन इतके सावरून राहते, हे मला विलक्षण वाटते. तरीही हे फेरफार विकत मिळणाऱ्या यंत्रात नसतात. ज्यांना आपल्या प्रथिनाची रचना यंदाच हवी आहे, त्यांनी आज त्यावर विसंबू नये. आक्रसलेल्या खाचेतच औषधाचा रेणू बसत असेल, तर तो फरक गौण मानता येत नाही.

निवाडा सांगायचा तर ग्रिडआधीची चाचणी म्हणून या यंत्राला माझी पूर्ण पसंती आहे. मात्र एकेका प्रयोगशाळेने ते घ्यावे असे मी म्हणणार नाही, कारण त्याला सतत वापर आणि एक जाणता हात लागतो. संस्थेच्या सामायिक सुविधेत ते असणे योग्य. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रातील राष्ट्रीय सुविधेसारख्या ठिकाणी टायटन क्रिओस या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा वेळ मागून घ्यावा लागतो. तिथे ग्रिड पाठवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गटांनी ही चाचणी आधी करून घेतली, तर मिळालेला वेळ मोडक्या नमुन्यावर जाणार नाही. नमुना देताना प्रत्येक उपएककातील अमिनो आम्लांचा अचूक क्रम, टॅग आणि आरंभीचे मेथिओनीन कापले गेले आहे का याची माहिती, तसेच ज्या बफरमध्ये ग्रिड करणार आहात त्या बफरचा थोडा भाग सोबत द्यावा. हे नसेल, तर मोजलेले वस्तुमान कोणत्या अपेक्षित वस्तुमानाशी ताडून पाहायचे, हेच चाचणी करणाऱ्याला ठरवता येत नाही.