नोकरीच्या अनुभवासह मार्केटिंगची पदवी: चाळीस महिन्यांनंतर

पहिली दोन वर्षं वर्गात, तिसरं अख्खं वर्ष कंपनीत पगारावर आणि चौथ्या वर्षी पुन्हा वर्ग, अशा बांधणीच्या पदवीबद्दल हे आहे. चौथ्या वर्षाचे चार महिने धरून चाळीस महिन्यांचा वापर. मत आधीच सांगून टाकतो: कामाचं वर्ष घ्यावंच, पण ते अभ्यासाला शिवून जोडायचं काम विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडतं. विद्यापीठाला वाटतं कंपनी शिकवेल, कंपनीला वाटतं हे शिकूनच आलेत. पाचपैकी साडेतीन.

कल्पना नवी नाही. हर्मन श्नायडर यांनी 1906 साली सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली होती. पण यंत्रासमोर उभं राहिलं की काय येतं आणि काय येत नाही ते लगेच उघडं पडतं. मार्केटिंगमध्ये तसं होत नाही. सहा महिने चुकीचा आकडा मोजत बसलं तरी कुणी हटकत नाही, म्हणून इथे शिवण जास्त महत्त्वाची.

पहिल्या वर्षी चार 'पी' येतात: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस (म्हणजे वितरण), प्रमोशन. मॅकार्थी यांची 1960 ची मांडणी. सेवांसाठी त्यात 1981 मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी आणखी तीन जोडले. परीक्षेत चारही सारख्या वजनाचे असतात. कामावर गेल्यावर कळतं की किंमत बहुधा फायनान्स आणि सेल्स ठरवतात, वितरण तिसऱ्याच विभागाकडे असतं आणि मार्केटिंगच्या टेबलावर मुख्यतः प्रमोशन येतं. शिकलेलं वाया गेलं असं नाही. किंमत कुणी, कशाच्या आधारावर ठरवली हे विचारण्याइतकी भाषा त्यातून मिळते. कामाच्या पहिल्या महिन्यात हा प्रश्न जरूर विचारावा, उत्तर अंतिम वर्षाच्या दोन तरी असाइनमेंटना पुरतं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो सगळ्यात नावडता विषय, संख्याशास्त्र. उदाहरण घ्या. 4,000 जणांच्या यादीचे दोन समान भाग करून वेगवेगळ्या विषय-ओळींचा ईमेल पाठवला. एक 21 टक्के लोकांनी उघडला, दुसरा 23 टक्के. मीटिंगमध्ये दुसरा जिंकला असं जाहीर होतं. प्रत्यक्षात एवढ्या नमुन्यात दोन टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, 95 टक्के विश्वासपातळीला तो टिकत नाही. त्यात सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 सोबत आलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप चित्रं आधीच उतरवून ठेवतं, आणि ईमेलमधलं चित्र उतरलं की तो उघडला असं धरतात, म्हणजे न उघडलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जातो. तेव्हा उघडण्याचा दर बाजूला ठेवून क्लिक बघावेत.

वेबसाइटवरच्या चाचणीत तर नमुना आणखी मोठा लागतो. खरेदीचा दर 2 टक्क्यांवरून 2.5 वर गेला का, हे 95 टक्के विश्वासपातळी आणि 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरून तपासायचं तर प्रत्येक गटात सुमारे 14,000 भेटी हव्यात. लहान कंपनीत तेवढी वर्दळ महिनोन्महिने जमत नाही. अशा वेळी बटणाचा रंग बदलत बसण्यापेक्षा दहा ग्राहकांशी फोनवर बोललेलं बरं.

सर्वेक्षणाच्या 385 या जादुई आकड्याचंही तेच. ±5 टक्क्यांच्या चुकीला 385 उत्तरं पुरतात, हे सूत्र नमुना यादृच्छिक असेल तरच खरं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून गोळा केलेल्या 385 उत्तरांना ते लागू होत नाही, आणि परीक्षक नेमकं तिथेच गुण कापतात.

साधनांच्या बाबतीत अभ्यासक्रम मागे असतो हे गृहीत धरून चाला. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने 1 जुलै 2023 पासून नेहमीच्या खात्यांचा डेटा नोंदवणं थांबवलं, तरी जुन्या नोट्स फिरतच राहतात. नुसती पडद्याची मांडणी बदलली असती तर हरकत नव्हती, व्याख्याही बदलल्या. जुन्या पद्धतीत एकच पान बघून गेलेला माणूस बाउन्समध्ये, म्हणजे आल्या पावली परतलेल्यांत, धरला जायचा. नव्यात तो 10 सेकंदांपेक्षा जास्त थांबला, दुसरं पान उघडलं किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती केली, तर ती भेट गुंतलेली मानतात आणि उरलेल्या भेटी बाउन्स. जुना आणि नवा बाउन्स रेट एकाच आलेखावर काढला की साइट एका रात्रीत सुधारल्याचा भास होतो.

यूटीएमचं, म्हणजे ग्राहक कुठून आला ते कळावं म्हणून दुव्याला जोडायच्या खुणांचं, कोष्टक पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, नसेल तर बनवा. सोर्स, मीडियम, कॅम्पेन हे तीन रकाने, सगळी इंग्रजी अक्षरं लहान, मधे जागा नाही. कॅपिटल अक्षराने सुरू होणारं फेसबुक आणि स्मॉलने सुरू होणारं फेसबुक या अहवालात दोन वेगळ्या ओळी होतात. स्वतःच्या साइटच्या आतल्या दुव्यांना यूटीएम लावायचं नाही, नाहीतर जाहिरातीवरून आलेल्या ग्राहकाचं श्रेय होमपेजवरच्या बॅनरला जातं. एवढी साफसफाई केली तरी नवख्याला टीममध्ये किंमत मिळते.

आणि एक हिशेब, जो वर्गात अर्ध्या तासात उरकतात. जाहिरातीवरच्या खर्चाच्या चौपट विक्री झाली, म्हणजे आरओएएस (जाहिरातीच्या खर्चावरचा परतावा) 4, हे ऐकायला छान वाटतं. पण मालावरचं ढोबळ मार्जिन (मालाचा खर्च वजा जाता विक्रीतून उरणारा हिस्सा) 25 टक्के असेल तर 4 म्हणजे ना नफा ना तोटा. 1 ला मार्जिनने भागलं की तो उंबरठा मिळतो. मार्जिन 20 टक्के असेल तर तो 5 आहे, आणि परत आलेला माल वजा केल्यावर आणखी वर सरकतो. मार्जिन किती, हे मार्केटिंगच्या माणसाने विचारलं की समोरचे आधी चमकतात. तरी विचारावं.

आता जागा मिळवण्याबद्दल. तिसऱ्या वर्षाची शोधाशोध दुसरं वर्ष सुरू होतानाच करावी लागते, मोठ्या कंपन्यांच्या जागा तेव्हाच भरू लागतात. मोठ्या ठिकाणी एक अरुंद काम खोलवर मिळतं, लहान ठिकाणी सगळं थोडं थोडं. माझं झुकतं माप मधल्या आकाराच्या कंपनीला, फक्त मार्केटिंगचा निदान एक अनुभवी माणूस तिथे हवा. तो नसेल तर वर्षभर पोस्टर बनवण्यात आणि पोस्ट टाकण्यात जातं.

रुजू होण्याआधी तीन बाजूंचा करार होतो: विद्यार्थी, विद्यापीठ, कंपनी. त्यात 'मार्केटिंग टीमला साहाय्य' असं मोघम लिहिलेलं असेल तर सही करू नका. मोजता येतील अशी तीन-चार उद्दिष्टं लिहून घ्या. उदाहरणार्थ, सहाव्या महिन्यापर्यंत एक ईमेल मालिका ब्रीफपासून (कामाच्या सुरुवातीच्या टिपणापासून) अहवालापर्यंत स्वतः चालवणं. देखरेख करणाऱ्याचं नाव, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यातला आढावा, आणि देखरेख करणारा नोकरी सोडून गेला तर पुढे कोण, हेही. शेवटचा मुद्दा हमखास राहतो आणि हमखास नडतो.

आठ आठवड्यांची इंटर्नशिप आणि बारा महिने यांची तुलनाच नको. पासवर्ड, परवानग्या, ब्रँडचे नियम यातच दोन-तीन आठवडे जातात. पहिले दोन महिने सीआरएममधल्या (ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या प्रणालीतल्या) दुहेरी नोंदी काढणं, मजकुराची प्रुफं तपासणं, एजन्सीची बिलं पुढे सरकवणं. कंटाळवाणं आहे, पण पैसा कुठून कुठे जातो ते यातच दिसतं. खरं काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून. पूर्ण वर्षाचा मोठा फायदा म्हणजे बजेट ठरण्यापासून ते संपण्यापर्यंतचं चक्र एकदा डोळ्यांसमोर फिरतं.

कामाच्या वर्षात लिहायच्या चिंतनात्मक डायरीचे गुण बहुतेकांचे जातात. साचा साधारणपणे गिब्ज यांच्या 1988 च्या सहा पायऱ्यांचा असतो: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. विद्यार्थी पानंच्या पानं वर्णनात घालवतात, गुण विश्लेषणाला असतात. दर शुक्रवारी वीस मिनिटं पुरतात: कुठला निर्णय झाला, कुठला आकडा त्याला कारण झाला, वर्गातल्या कुठल्या कल्पनेशी तो जुळला किंवा भिडला. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेली डायरी वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

चौथं वर्ष अपेक्षेपेक्षा जड जातं. तीन वर्षांचा कोर्स घेतलेले वर्गमित्र पदवी घेऊन गेलेले असतात, गटकार्याला नवी माणसं, तीन तास हाताने लिहायची सवय मोडलेली, आणि संध्याकाळी सहाला काम संपायची सवय लागलेली. संदर्भ देण्याची शैली आणि संख्याशास्त्राच्या नोट्स परत येण्याआधीच्या महिन्यात चाळून ठेवा.

कंपनीचा डेटा प्रबंधात वापरणं मोहाचं आहे आणि विषय म्हणून उत्तमही, पण क्रम चुकला की सगळं फुकट. आधी विद्यापीठाच्या एथिक्स समितीची मंजुरी, मग कंपनीची लेखी परवानगी, मग डेटा. मंजुरीआधी केलेल्या मुलाखती सहसा वापरता येत नाहीत, कितीही चांगल्या असल्या तरी. परवानगीत काय लपवायचं तेही स्पष्ट हवं: कंपनीचं नाव, विक्रीचे नेमके आकडे की दोन्ही. नेमके आकडे नको असतील तर पहिल्या महिन्याला 100 धरून निर्देशांक मांडता येतो, विश्लेषण अडत नाही. ग्राहकांची नावं, ईमेल, फोन यातलं काहीही घरी न्यायचं नाही.

कंपनीची ही परवानगी कामाच्या अकराव्या महिन्यातच मागा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचं खातं बंद होतं आणि त्यातला परवानगीचा ईमेलही त्याच्याबरोबर जातो. तो आधीच पीडीएफ करून विद्यापीठाच्या पत्त्यावर पाठवून ठेवावा.